मेडिकलला चाललात? आधी तोंड उघडायला शिका

माझी पहिली वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. टेबलावर हाडं मांडलेली, सरांनी त्यातलं एक उचलून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "कोणत्या बाजूचं?" क्लॅव्हिकल होतं, म्हणजे गळ्याखालचं कॉलरबोन. आदल्या रात्री मी ते पान चार वेळा वाचलेलं, हायलायटरने पिवळंधमक करून टाकलेलं, आकृती पानाच्या वर आहे की खाली हेसुद्धा डोळ्यासमोर दिसत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीच्या मधल्या हाडाकडे, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि खाच असलेली बाजू खाली, बास, एवढंच बोलायचं होतं. मी हाड नुसतं फिरवत बसलो. सर म्हणाले, "नेक्स्ट."

त्या दिवशी मला कळलं की मला ते येत होतं पण बोलता येत नव्हतं, आणि मेडिकलमध्ये बोलता न येणं म्हणजे न येणंच. वायवा बोलायची, केस बोलून प्रेझेंट करायची, पेशंटशी बोलायचं, सिनियरला फोनवर सांगायचं. आणि आपण सगळे आलेलो असतो मुकाट बसून गोल काळे करण्याच्या परीक्षांमधून. तर खाली जे लिहितोय ते सगळं त्याबद्दलच आहे, कुठे कुठे आणि कसं तोंड उघडायचं. टॉपर नाहीये मी, एकदा बायोकेमिस्ट्रीत लटकलेलो पण आहे, त्यामुळे त्या हिशोबाने वाचा.

अभ्यासापासून सुरू करतो कारण पहिले काही महिने तेच डोक्यावर बसतं. पुस्तक परत परत वाचलं की ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं आपण समजतो, इथेच घोळ होतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला होता, काहींना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा पाच मिनिटांनी कधीच नसते.

मी काय करतो सांगतो. एक टॉपिक वाचला की पुस्तक बंद करायचं आणि भिंतीला शिकवायचं. खरंच भिंतीला, मोठ्याने, पूर्ण वाक्यात. "हा मसल इथून निघतो, इथे चिकटतो, याची नर्व्ह ही, काम हे, आणि ही नर्व्ह कापली गेली तर हे होतं." जिथे अडखळाल तिथे पेन्सिलीने टिंब करा आणि फक्त तेवढंच परत बघा. पहिले दोन आठवडे वेड्यासारखं वाटेल, रूममेट बाहेर निघून जाईल, चालतं. रूममेटही मेडिकलचाच असेल तर अजून भारी, त्याला समोर बसवा आणि "का?" विचारायला सांगा, दोन "का" नंतर आपली हवा निघते हे बघून घ्या एकदा.

जे काढून दाखवता येतं ते काढा. ब्रॅकियल प्लेक्ससचं, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्ह्जच्या जाळ्याचं उदाहरण घ्या, सगळ्यांची झोप उडवणारं. ५ रूट्स (सी ५ ते टी १, हे पाठीच्या कण्यातले नंबर), ३ ट्रंक्स, ६ डिव्हिजन्स, ३ कॉर्ड्स आणि शेवटी ५ मुख्य फांद्या. वाचून हे डोक्यात राहणं शक्यच नाही. रोज एका रद्दी कागदावर एकदाच, न बघता, तोंडाने नावं घेत काढायचं आणि कागद फेकून द्यायचा. पहिल्या दिवशी मला अर्धा तास लागला आणि तरी चुकलं, दोन आठवड्यांनी दोन मिनिटांच्या आत यायला लागलं. शेवटच्या तीन नर्व्ह्जचा इंग्रजी एमसारखा आकार होतो, मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन, अल्नर, तो एम आधी काढून मागे मागे गेलात तर सोपं पडतं.

अँकी वगैरे फ्लॅशकार्डचे अ‍ॅप चांगले आहेत, पण उत्साहात रोज २०० नवीन कार्डं टाकायची नाहीत, कारण ती सगळी परत वर येतात आणि महिन्याभरात समोर हजाराचा ढीग दिसला की माणूस अ‍ॅपच उडवून टाकतो. मी टाकलंय उडवून. दिवसाला २०-३० नवीन पुरे, आणि शक्यतो स्वतः बनवलेली.

नावांना घाबरू नका, ती तोडा. स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड ऐकून घाम फुटतो पण स्टर्नम (छातीचं मधलं हाड), क्लॅव्हिकल आणि मॅस्टॉइड (कानामागचं हाड), म्हणजे कुठून निघतो आणि कुठे चिकटतो हे नावातच लिहिलंय. शेवटी आयटिस आलं की सूज, एक्टमी आलं की कापून काढणं, सुरुवातीला ब्रॅडी म्हणजे हळू, टॅकी म्हणजे वेगात. अशी पन्नासेक तुकडे पाठ झाले की अर्धं पुस्तक आपोआप मराठीत बोलायला लागतं.

सगळं पूर्ण होणार नाही. हे मान्य करायला मला वर्ष लागलं, कारण इथपर्यंत येणारा प्रत्येक जण सगळं पूर्ण करूनच आलेला असतो. जुने पेपर बघा, लेक्चरला जे दोनदा सांगितलं ते बघा, बाकीचं सोडा.

आता डिसेक्शन हॉल, म्हणजे जिथे मृतदेह उघडून शरीर शिकतात ती खोली. वासाबद्दल सगळे घाबरवतात, तो फॉर्मलिनचा असतो, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड. ते प्रोटीन्सना एकमेकांना बांधून टाकतं त्यामुळे शरीर कुजत नाही, १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम नावाच्या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आलं की याने टिश्यू टिकतात आणि कडक होतात, तेव्हापासून आपली नाकं जळतायत. डोळे चुरचुरतात, म्हणून त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा घाला. केस बांधा, ग्लोव्ह्ज फाटले की लगेच बदला, हॉलसाठी एक जुना अ‍ॅप्रन वेगळा ठेवा आणि तो बाकी कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका. रिकाम्या पोटी जाऊ नका.

पहिल्या दिवशी काय वाटेल ते आधी सांगता येत नाही. आमच्या टेबलावर एकीला रडू आलं, एक जण सारखा विनोद करत होता, आणि मला काहीच वाटलं नाही, त्याचंच मला रात्री वाईट वाटलं. मग एकदा टेबलावरच्या मृतदेहाचा हात साफ करताना त्याच्या नखांना नेलपॉलिशचा पुसट रंग दिसला आणि तेव्हा मात्र पाय लटपटले, दहा मिनिटं बाहेर जाऊन बसलो. बाहेर जायचं असेल तर सांगून जा, कोणी हसत नाही, आणि हसलाच तर त्याचा नंबर पुढच्या आठवड्यात लागतो. समोर जो माणूस आहे त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी विश्वासाने शरीर दिलेलं असतं, त्यामुळे फोटो काढायचा नाही, कधीच नाही, मोबाइल बाहेर ठेवा.

डिसेक्शन करतानाही बोला. हातातली वस्तू नर्व्ह आहे, आर्टरी आहे की व्हेन, हे ठरवताना मोठ्याने कारण द्या. नर्व्ह पांढरट आणि भरीव दोरीसारखी, बोटांत फिरवली तर दबत नाही. आर्टरीची भिंत जाड, नळी गोल राहते. व्हेन पातळ, चपटी पडलेली, बऱ्याचदा आत काळपट गोठलेलं रक्त. कापण्यापेक्षा बोथट हत्याराने बाजूला करत जा, पहिल्या महिन्यात ब्लेड वापरायची सगळ्यांना घाई असते आणि मग स्किनखालच्या बारीक नर्व्ह्ज स्किनबरोबरच निघून जातात, आमच्या टेबलावर तर एकही शिल्लक राहिली नव्हती, दुसऱ्या टेबलावर जाऊन बघाव्या लागल्या.

वॉर्डात गेल्यावर खेळ बदलतो. माझ्या पहिल्या पेशंट एक आजी होत्या, मी वही उघडून धडाधड प्रश्न विचारले, ताप आहे का, खोकला आहे का, शुगर आहे का, बीपी आहे का, त्या प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणाल्या आणि मी खूश होऊन उठलो. मग सिनियरने जाऊन फक्त "काय होतंय आजी?" विचारलं आणि खुर्ची ओढून बसली. आजी दोन मिनिटं बोलल्या आणि त्या दोन मिनिटांत माझ्या वहीत नसलेलं सगळं आलं. थोडक्यात, इथे तोंड उघडायचं पण एकदाच, आणि मग बंद ठेवायचं.

करायचं असं. नाव सांगा, विद्यार्थी आहे हे स्पष्ट सांगा, डॉक्टर असल्याचा आव आणू नका, आणि परवानगी मागा. नाही म्हणाले तर थँक्यू म्हणून निघा, चेहरा पाडू नका, त्यांना सकाळपासून चार जणांनी तेच विचारलेलं असतं. पहिला प्रश्न मोकळा, "काय त्रास होतोय, सुरुवातीपासून सांगा", आणि निदान एक मिनिट मध्ये बोलायचं नाही. मुख्य तक्रार त्यांच्याच शब्दात लिहायची, "छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं" म्हणाले तर तेच लिहा, लगेच अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं) लिहू नका. दुखत असेल तर कुठे, कधीपासून, कसं, कुठे सरकतं का, बरोबर अजून काय होतं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, किती जोरात. मग आधीचे आजार, ऑपरेशन्स, चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, घरच्यांचे आजार, काम, व्यसनं. आणि उठायच्या आधी, हे अजिबात विसरू नका, "अजून काही सांगायचं राहिलंय का?" खरी गोष्ट बऱ्याचदा तिथेच बाहेर पडते.

तपासणीबद्दल सगळं लिहीत बसत नाही, ते शिकवतातच, फक्त जिथे आम्ही आपटलो ते सांगतो. स्टेथोस्कोपचे कानातले तुकडे नाकाच्या दिशेने पुढे वळलेले पाहिजेत, उलटे घातले तर अर्धं ऐकूच येत नाही. बीपीचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, लहान असेल तर बीपी खोटं जास्त येतं, आणि पेशंट जिना चढून आलाय तर आधी पाच मिनिटं पाठ टेकवून बसू द्या, हात हृदयाच्या लेव्हलला. आधी नाडीवर बोट ठेवून अंदाज घ्या मग स्टेथो लावा, हवा हळू सोडा, सेकंदाला पाऱ्याचे २-३ मिलिमीटर. हवा सोडताना स्टेथोतून ऐकू येणारा तो ठक ठक आवाज कोरोटकोफ या रशियन सर्जनने १९०५ मध्ये सांगितला, वायवाला हमखास विचारतात. पोट तपासताना आधी बघायचं, मग ऐकायचं, हात नंतर, आणि हात गरम करून, गुडघे वाकवायला सांगून, दुखणारी जागा सगळ्यात शेवटी.

बोटाने ठोकून तपासणं, म्हणजे परकशन, हे पेशंटवर शिकू नका. घरची भिंत, कपाट, पाण्याची टाकी, स्वतःची मांडी, काहीही ठोका. ही आयडियाच तशी आली असं म्हणतात, ऑएनब्रुगर हा ऑस्ट्रियन डॉक्टर खानावळवाल्याचा मुलगा, पिंप ठोकून आत किती भरलंय बघायची पद्धत त्याला माहीत होती आणि १७६१ मध्ये त्याने तेच छातीवर करायचं सांगितलं. मनगटातून ठोका, कोपरातून नाही, आणि नखं कापा नाहीतर स्वतःचंच बोट सोलून निघेल. आणि नॉर्मल छाती, नॉर्मल पोट मित्रांवर शंभर वेळा ऐका-ठोका, नॉर्मलच कानात बसलं नसेल तर बिघडलेलं ओळखणार कसं.

आता सगळ्यात अवघड बोलणं, "मला ऐकू येत नाहीये" किंवा "मला माहीत नाही". हृदयाचा मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जादाचा आवाज, ऐकायला आम्ही सात जण रांगेत. पहिल्या चौघांनी कान लावून गंभीर मान डोलवली, मीही लावला, मला काहीच ऐकू आलं नाही, म्हणजे अगदी ठार शांतता, पण मी मान डोलवली आणि वर "सिस्टोलिक" (हृदय आकुंचन पावतानाचा) असंही म्हणालो. मॅडमनी माझ्या स्टेथोस्कोपचा पुढचा भाग हातात घेतला, टकटक केलं आणि शांतपणे फिरवून दिला. तो दोन बाजूंचा असतो, बेल आणि डायफ्रॅम, एका वेळी एकच बाजू चालू असते, आणि माझी लावलेली बाजू बंद होती. मी बंद स्टेथोतून मर्मर ऐकला होता. हे अजून ग्रुपवर निघतं. पण हसण्यावारी जातं ते विद्यार्थी असताना, उद्या तीच खोटी मान डोलवली तर कोणाच्या तरी जिवावर बेतेल, म्हणून आत्तापासून सवय लावा, "नाही मॅडम, मला नाही ऐकू आला, परत दाखवाल का?" आणि छातीला लावण्याआधी, कानात घालून डायफ्रॅमवर बोटाने टकटक करून बघा.

वायवालाही तेच. माहीत नसेल तर दहा सेकंदात तसं सांगा, फेकाफेक केली की परीक्षक तुम्ही फेकलेल्या शब्दावरच पुढचा प्रश्न विचारतो. पण येतंय ते पूर्ण वाक्यात बोला. पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजायच्या ग्लासगो कोमा स्केलचा कमीत कमी स्कोअर शून्य नसून ३ असतो, असलं एखादं ठासून बरोबर सांगितलं की समोरचा जरा नरम पडतो. ऑस्की असेल, म्हणजे ती स्टेशन-स्टेशनवर बेल वाजणारी परीक्षा, १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या डंडीमधून मांडलेली, तर तिथे परीक्षकाच्या हातात चेकलिस्ट असते आणि तुमच्या मनातलं त्याला दिसत नाही. हात सॅनिटाइझ केले, ओळख दिली, परवानगी घेतली, हे करा आणि काय करताय ते बोलत जा. आम्ही खोलीत फोनवर टायमर लावून उशीवर तपासणी करायचो, उशीला नाव पण विचारायचो.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये चक्कर येणं. येते, भल्याभल्यांना येते. बराच वेळ एकाच जागी उभं राहिलं की रक्त पायात साचतं, त्यात उकाडा, मास्क, रक्ताचं दर्शन, मग नाडी आणि बीपी दोन्ही एकदम खाली. खाऊन आणि पाणी पिऊन जा, गुडघे ताठ लॉक करू नका, पोटऱ्या आवळत-सोडत राहा. घाम, मळमळ, आवाज लांबून आल्यासारखे वाटले की तीसेक सेकंदं हातात असतात, "मला बसावं लागेल" म्हणायचं, टेबलापासून मागे सरकायचं आणि सरळ जमिनीवर बसायचं. लाजून उभे राहिलात तर ऑपरेशनच्या टेबलावर पडाल, ते जास्त लाजिरवाणं.

आणि सुई टोचली तर. हे नीट वाचा, कारण विद्यार्थी हे सगळ्यात जास्त लपवतात, ओरडा बसेल म्हणून. रक्त काढताना वापरलेली सुई टोचली की हातातलं काम सोडा, वाहत्या पाण्याखाली साबणाने जागा धुवा, पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच लावू नका. आणि त्याच मिनिटाला ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि खरंतर जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिल्या काही तासांत. पेशंटचं आणि तुमचं रक्त तपासतात, पुढचं ते ठरवतात. सुईला परत टोपण लावायला जाऊ नका, असंच टोचतं. हेपॅटायटिस बीची लस वॉर्डात जायच्या आधीच घेऊन टाका, नेहमीचे ३ डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्यांना, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा, १० mIU/mL च्या वर आली पाहिजे. माझ्या बॅचच्या एकाने टोचल्याचं दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, रात्रभर जागून नेटवर वाचत बसला. शेवटी सगळं निगेटिव्ह निघालं पण त्या दोन दिवसांत तो जेवला नव्हता.

डोक्याचंही असंच. सेकंड इयरला जे वाचाल ते स्वतःला झालंय असं वाटेल, मी मानेतली एक गाठ तीन आठवडे रोज चाचपत होतो, चाचपून चाचपूनच ती सुजली होती. हे इतकं कॉमन आहे की त्याला मेडिकल स्टुडंट्स डिसीज म्हणतात. एका खऱ्या डॉक्टरला दाखवा आणि विषय संपवा. पण झोप उडाली, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, किंवा जगूच नये असे विचार यायला लागले तर ते त्याच दिवशी कोणाला तरी मोठ्याने सांगायचं, मित्र, घरचे, काउन्सेलर, कोणीही, उद्यावर टाकायचं नाही. मी बायोकेमिस्ट्रीत लटकलो तेव्हा घरी सांगायला नऊ दिवस घेतले, आणि फोनवर आई म्हणाली, "एवढंच ना, मला वाटलं काय झालं."

रात्र रात्र जागून वाचू नका, वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. बाकी अ‍ॅप्रनच्या खिशात छोटी वही, टॉर्च, मेजर टेप आणि पेन ठेवा. पेन दोन, कारण एक राउंडला कोणीतरी सिनियर मागून नेतो आणि ते परत मागायचं धाडस मला अजून झालेलं नाही.